जाम झालेला ग्रीस निपल: काढताना आणि नवा बसवताना

ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाशी उकिडवे बसून ग्रीस गनचा दांडा दाबत राहावे, ग्रीस आत शिरण्याऐवजी गनच्या तोंडाभोवती पिळून बाहेर यावे आणि अखेर ‘उद्या बघू’ म्हणून उठावे, हा प्रसंग ज्याच्या दारात ट्रॅक्टर आहे त्याच्या ओळखीचा आहे. हा ‘उद्या’ पुष्कळदा हंगाम संपेपर्यंत उगवत नाही आणि तोवर किंगपिनने, म्हणजे पुढचे चाक ज्या पिनेवर वळते तिने, आपल्याभोवतीचे कोरडे बुश (धातूची नळी) खाऊन टाकलेले असते. निपल, म्हणजे ज्यातून गन सांध्यात ग्रीस भरते ते छोटे तोंड, स्वतः चहाच्या दोन-चार कपांच्या किमतीत मिळतो. तो ज्या भोकात बसतो ते भोक मात्र धुऱ्याच्या टोकाशी, पीटीओ शाफ्टच्या (ट्रॅक्टरची ताकद अवजाराला देणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसमध्ये, म्हणजे सांध्यातील फुलीसारख्या तुकड्यात, किंवा चाकाच्या हबच्या ओतीव अंगात असते आणि त्या भोकाचे आटे गेले की काम लेथवर जाते. म्हणून या सगळ्या खटपटीत वाचवायचे असते ते भोक. निपल तुटला, चेपला किंवा झिजला तरी त्याचे दुःख करू नये.

अडले आहे कुठे?

निपलच्या डोक्यात एक बारीक पोलादी गोळी असते आणि तिच्यामागे स्प्रिंग असते. गनचा दाब आला की गोळी मागे सरते, ग्रीस आत जाते आणि दाब थांबताच गोळी पुन्हा तोंड बंद करते, त्यामुळे ग्रीस बाहेर येत नाही आणि मातीही आत जात नाही. ऑस्ट्रियात जन्मलेले संशोधक ऑस्कर झर्क यांच्या नावाने या निपलचे अमेरिकी पेटंट १९२९ मध्ये नोंदले गेले. अमेरिकेतील शेतकरी आजही निपलला ‘झर्क’ म्हणतात. रचना तेव्हापासून फारशी बदललेली नाही, त्यामुळे तिचे बिघाडही ठरलेले आहेत.

पहिला संशय निपलवर घेऊ नये, गनवर घ्यावा. गनच्या तोंडातील जबडे झिजले की ते निपलचे डोके घट्ट धरत नाहीत. तीच गन दुसऱ्या, नीट चालणाऱ्या निपलला लावून पाहिली की याचा निकाल लागतो. गन ठीक असेल तर निपलचे डोके डिझेलच्या फडक्याने पुसून एखाद्या जाड सुईने किंवा बोथट तारेने गोळी हळूच दाबावी. गोळी दबून परत वर आली तर निपल जिवंत आहे. गोळी हललीच नाही तर ती सुकलेल्या ग्रीसने किंवा गंजाने धरलेली आहे. अशा वेळी डोक्यावर डिझेलचे किंवा गंज सोडवणाऱ्या तेलाचे दोन थेंब टाकून तासभर थांबावे आणि मग पुन्हा प्रयत्न करावा. पुष्कळ निपल एवढ्यावरच सुटतात आणि पुढचे काहीच करावे लागत नाही.

तिसरी शक्यता लोक सर्रास विसरतात. सांध्यावर वजन असेल तर पिन आणि बुश एका बाजूला इतके चिकटून बसतात की ग्रीसला वाटच उरत नाही. पुढच्या धुऱ्याखाली जॅक लावून चाक जमिनीपासून उचलावे, धुरा भक्कम लाकडी ठोकळ्यावर टेकवावा आणि एकाने स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवीत असताना दुसऱ्याने गन चालवावी. अर्धा दिवस ज्या निपलशी झुंज दिली तो अशा वेळी मुकाट्याने ग्रीस घेऊ लागतो. नांगराच्या किंवा लोडरच्या पिनेलाही हाच नियम लागू आहे: आधी भार काढावा, मग दाब द्यावा.

एवढे करूनही ग्रीस जात नसेल तर निपल काढून हातात धरून गनला लावावा. हातात असताना त्यातून ग्रीस सुरळीत येत असेल तर दोष निपलचा नाही, आतील वाट बुजलेली आहे. बहुतेक ग्रीस म्हणजे साबणाच्या जाळीत धरून ठेवलेले तेल. उन्हाने आणि काळाने तेल निघून जाते आणि साबण मागे उरतो. त्यात काळ्या जमिनीची बारीक माती मिसळली की जवळजवळ पुट्टीसारखा गोळा तयार होतो. वेगवेगळ्या जातीची ग्रीस एकमेकांत मिसळल्यानेही असे होते. चुन्याचे, लिथियमचे आणि मातीवर आधारलेले ग्रीस एकमेकांशी पटतेच असे नाही आणि न पटणारे दोन प्रकार एकत्र आले की मिश्रण एकतर पातळ होऊन वाहून जाते किंवा घट्ट होऊन बसते. अशी वाट तारेने, हाताने फिरवलेल्या बारीक ड्रिलने आणि डिझेलने मोकळी करावी. डिझेल किंवा पातळ तेल भरून निपलवर ठेवायचे आणि वरून हातोडी मारायची एक छोटी दट्ट्याची नळी बाजारात मिळते. सुकलेले ग्रीस पुढे ढकलण्यासाठी ती उपयोगी आहे.

येथे एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे. साध्या हातगनमध्येही प्रति चौरस इंच ५,००० पौंडांहून अधिक दाब तयार होऊ शकतो. फाटक्या नळीतून किंवा निपलच्या फटीतून उडालेली बारीक धार कातडीत घुसली तर जखम सुईच्या टोकाएवढी दिसते आणि सुरुवातीला दुखतही नाही, पण आतले ग्रीस बोटाचा नाश करू शकते. असे झाल्यास हळद लावून घरी बसू नये. तासाभरात शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे आणि ‘दाबाचे ग्रीस आत गेले आहे’ असे स्पष्ट सांगावे. गळती कुठे आहे ते बोटाने चाचपू नये.

अखंड निपल काढणे

यंत्र सपाट जागी उभे करावे, इंजिन बंद करून किल्ली खिशात ठेवावी आणि पीटीओ पूर्ण थांबल्याची खात्री करावी. रोटाव्हेटर किंवा पलटी नांगर वर उचलून त्याखाली काम करायचे असेल तर केवळ हायड्रॉलिकच्या भरवशावर राहू नये; खाली ठोकळे किंवा स्टँड असलेच पाहिजेत. डोळ्यांवर चष्मा हवा, कारण या कामात गंजाचे कण, लोखंडाचा कीस आणि ती स्प्रिंगवाली गोळी यांपैकी काहीतरी तोंडाकडे उडतेच.

प्रथम निपलच्या भोवतालची माती आणि रंग तारेच्या ब्रशने खरवडून काढावा. हे काम कंटाळवाणे वाटते, पण बुडाशी रंगाचा थर तसाच राहिला तर तेल आट्यांपर्यंत पोचत नाही. साफ झाल्यावर गंज सोडवणारे तेल बुडाशी घालावे आणि शक्य असल्यास ते रात्रभर मुरू द्यावे. संध्याकाळी एकदा, झोपण्यापूर्वी एकदा आणि सकाळी एकदा. ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचे तेल समप्रमाणात मिसळून केलेले घरगुती मिश्रणही बारीक आट्यांत चांगले शिरते. ते लगेच पेट घेते, म्हणून त्याच्या जवळपास बिडी किंवा आग नको.

सकाळी निपलच्या षटकोनी भागावर आडवी पितळी कांडी टेकवून हलक्या हातोडीने चहूबाजूंनी आठ-दहा ठोके द्यावेत. जोर नको, थरथर हवी. तिने गंजाची पकड सुटते. त्यानंतर पाना लावावा. उघड्या तोंडाचा पाना षटकोन गोल करून ठेवतो, म्हणून सहा कोनांचा सॉकेट वापरावा. बारा कोनांचा रिंग पानाही झिजलेल्या डोक्यावर घसरतो. मीटर मापाच्या निपलांना साधारणपणे सहाच्या (६ मिलिमीटर जाडीच्या) आट्याला ७, आठच्या आट्याला ९ आणि दहाच्या आट्याला ११ मिलिमीटरचा पाना लागतो. वाकड्या, म्हणजे ४५ किंवा ९० अंशांच्या निपलवर सॉकेट चढत नाही. तिथे नेमक्या मापाचा, न झिजलेला पाना शोधण्याला पर्याय नाही.

पहिला नेट सोडवण्याच्या दिशेने देऊ नये, थोडा घट्ट करण्याच्या दिशेने द्यावा. केसभर हालला तरी पुरे. मग उलट फिरवावा. अर्धा आटा बाहेर आल्यावर पुन्हा जड वाटू लागले तर थांबून तेल घालावे, परत थोडा आत घ्यावा आणि पुन्हा बाहेर काढावा. कामगाराचा हात ओळखायचा असेल तर तो याच मिनिटाला ओळखावा: अधीर माणूस इथेच निपल मोडतो.

षटकोन आधीच गोल झालेला असेल तर कानशीने दोन समोरासमोरच्या बाजू सपाट करून लहान मापाचा पाना लावता येतो किंवा एक माप लहान सॉकेट हातोडीने ठोकून बसवता येतो. व्हाइस ग्रिप (आवळून अडकवता येणारी पक्कड) वापरायचा असेल तर तो षटकोनावरच धरावा. मानेवर धरला तर निपल आतून पोकळ असल्याने चेपतो आणि तुटतो.

यानेही हालत नसेल तर उष्णता. तापवायचे ते निपलच्या भोवतालचे लोखंड. ते तापून प्रसरण पावले की भोक किंचित मोठे होते. लाल करण्याची गरज नाही. पाण्याचा थेंब चर्रकन उडून जाईल इतके पुरते. गरम असतानाच बुडाशी मेणबत्ती टेकवावी: वितळलेले मेण आट्यांत ओढले जाते आणि वंगणाचे काम करते. मात्र टायर, हायड्रॉलिक नळी किंवा रबरी सील जवळ असेल तर आग लावूच नये. आणखी एक धोका कमी जणांना ठाऊक असतो. निपल ही एकेरी झडप आहे, त्यामुळे बंद पोकळीतले ग्रीस तापून फुगले तर त्याला बाहेर पडायला वाट नसते आणि ते निपल बंदुकीच्या गोळीसारखा फेकू शकते. तापवण्यापूर्वी आतली गोळी तारेने दाबून दाब मोकळा करावा आणि निपलच्या रेषेत तोंड कधीही आणू नये. शेतात पाचट किंवा भुसा पसरलेला असेल तर आधी ते बाजूला करावे आणि पाण्याची बादली जवळ ठेवावी.

काही स्वस्त अवजारांवर निपलला षटकोनच नसतो. तो आट्यांचा नसून ठोकून बसवलेला असतो. त्याला पाना लावून फिरवत बसणे व्यर्थ आहे. व्हाइस ग्रिपने पकडून हलवत उपसावा किंवा त्याच्या गळ्याखाली धारदार छिन्नी घालून वर उचलावा. पुन्हा ठोकण्याचा निपल घालण्यापेक्षा त्या भोकात सहाचे आटे पाडून घेतले तर पुढच्या वेळचा त्रास वाचतो.

डोके तुटून बूड आत राहिले तर

ट्रॉलीच्या टर्नटेबलवर किंवा पीटीओ शाफ्टवर निपल दगडाला किंवा कव्हरला आपटून मोडणे रोजचेच आहे. यात एक दिलासा असा की तुटलेल्या बोल्टप्रमाणे इथे मधोमध ड्रिल मारावे लागत नाही, कारण निपलमध्ये आरपार भोक असतेच. प्रथम आतली गोळी आणि स्प्रिंग चिमट्याने काढावी. मग त्या भोकात ईझी आऊट (अडकलेला तुकडा आतून पकडून काढण्याचे हत्यार) हलकेच ठोकून उलट फिरवावा. चौकोनी निमुळता ईझी आऊट मळसूत्रीपेक्षा बरा, कारण मळसूत्री प्रकार आत घुसताना तुकड्याला आतून फुगवतो आणि तो आणखी आवळतो. भोकापेक्षा थोडा मोठा टॉर्क्स (चांदणीच्या आकाराचा) बिट ठोकून बसवला तरी काम भागते. याआधीही तेल, ठोके आणि हलकी उष्णता हे सारे उपाय करून घ्यावेत.

ईझी आऊट मोडला तर मात्र साधे काम अवघड होते. तो कडक केलेल्या पोलादाचा असल्याने साध्या ड्रिलला दाद देत नाही. मी एकदा ऊसतोडीच्या ऐन हंगामात किंगपिनच्या निपलवर घाईने दांडा लांब करून जोर लावला आणि ईझी आऊट आतच मोडला. शेवटी सगळा भाग खोलून लेथवाल्याकडे न्यावा लागला आणि दोन दिवस ट्रॅक्टर दारात उभा राहिला. तेव्हापासून मी ईझी आऊटला बोटभर लांबीच्या दांड्याहून मोठा दांडा लावत नाही. मनगटाच्या जोराने हालत नसेल तर तो काढून ठेवतो आणि वेल्डिंगवाल्याला बोलावतो.

वेल्डिंगचा उपाय खरोखर चांगला आहे. तुटक्या बुडावर एक नट ठेवून त्याच्या मधून वेल्ड भरायचे. नट पकडायला मिळतो आणि वेल्डची उष्णता गंजही सोडवते. किंचित निवल्यावर नटाला पाना लावून मागे-पुढे करीत काढावा. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची दोन्ही टोके सोडवावीत आणि अर्थिंगचा चिमटा निपलच्या अगदी जवळ लावावा. तो दूर लावला तर विद्युतप्रवाह बेअरिंगमधून जाऊन त्याच्या गोळ्यांवर डाग पाडतो.

हेही फसले तर ड्रिल. निपलचे पोलाद पृष्ठावर कडक केलेले असते, म्हणून वेग कमी, दाब ठाम आणि तेल भरपूर ठेवावे. उलट्या फिरकीचा ड्रिल मिळाला तर उत्तम, कारण पुष्कळदा ड्रिल चालू असतानाच तुकडा पकडला जाऊन फिरत बाहेर येतो. कीस आत जाऊ नये म्हणून भोकाच्या तळाशी आधी घट्ट ग्रीसचा गोळा भरून ठेवावा. कीस त्यात अडकतो आणि नंतर ग्रीससकट खरवडून काढता येतो. आटे आधीचेच राखायचे असतील तर मूळ आट्यांना न दुखवता कवच पातळ होईपर्यंतच ड्रिल मारावा आणि उरलेले तारेच्या आकड्याने सोलून काढावे.

आट्यांचे गणित

नवा निपल घेताना जुना सोबत न्यावा, हा सल्ला पुरेसा नाही, कारण दुकानदारही डोळ्याने फसतो. दहाचा बारीक आटा (१० मिलिमीटर जाडी, दोन आट्यांत १ मिलिमीटर अंतर) आणि १/८ इंची ब्रिटिश पाइप आटा (९.७३ मिलिमीटर जाडी, इंचाला २८ आटे) शेजारी ठेवले तर फरक दिसत नाही. एकाच्या भोकात दुसरा दोन-तीन फेरे जातो, मग अडतो. मालक पाना लावून तो कोंबतो आणि आटे कापले जातात. तशीच जोडी सहाच्या आट्याची (६ मिलिमीटर, अंतर १) आणि पाव इंची २८ आट्यांची आहे: सहाचा निपल पाव इंची भोकात सैल बसतो आणि गनच्या दाबाने निसटून येतो. आठमध्येही अंतर १ आणि १.२५ असे दोन प्रकार मिळतात. म्हणून व्हर्नियरने जाडी आणि आटे मोजण्याच्या गेजने अंतर, दोन्ही पाहावे. जुन्या ब्रिटिश किंवा अमेरिकी आराखड्यावर बनलेल्या ट्रॅक्टरांत इंची आटे, तर नव्या अवजारांत बहुधा मीटर माप सापडते; एकाच ट्रॅक्टरवर मात्र आधीच्या मेकॅनिकांच्या कृपेने दोन्ही असू शकतात.

आटे थोडेच दुखावले असतील तर त्याच मापाचा टॅप (भोकात आटे पाडण्याचे हत्यार) तेल लावून हाताने फिरवला की ते साफ होतात. पूर्ण गेले असतील तर एक माप वर जावे. सहाच्या आट्यांसाठी ५ मिलिमीटर, आठ-एकसाठी (जाडी ८, अंतर १) ७ आणि दहा-एकसाठी ९ मिलिमीटरचा ड्रिल लागतो. १/८ ब्रिटिश पाइप आट्यासाठी ८.८ घ्यावा. टॅप अर्धा फेरा पुढे आणि पाव फेरा मागे असा फिरवावा, त्याच्या खाचांत ग्रीस भरावे आणि टॅप सरळ उभा आहे ना, हे दोन बाजूंनी पाहावे. क्रॉसच्या बाबतीत माझे मत वेगळे आहे: त्याचे अंग आधीच बारीक असते आणि भोक मोठे केल्यास तो तिथूनच तडकू शकतो. क्रॉसचे आटे गेले तर क्रॉसच बदलावा.

नवा निपल बसवणे

भोक डिझेलने धुऊन, चुंबकाने आणि हवेने कीस पूर्ण काढल्यावरच नवा निपल हातात घ्यावा. आट्यांना थोडे ग्रीस किंवा गंजरोधक पेस्ट लावावी, म्हणजे पुढच्या वेळी तो सहज निघेल. नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप इथे नको: निपलचे आटे मुळातच किंचित निमुळते असतात आणि आपोआप घट्ट बसतात, उलट टेपचा तुकडा आत सुटला तर तोच वाट बुजवतो. पहिले दोन-तीन फेरे बोटांनीच द्यावेत. बोटांनी फिरत नसेल तर माप चुकले आहे किंवा निपल तिरका लागला आहे. पाना उचलण्याची ती वेळ नव्हे. मग आखूड पान्याने घट्ट लागेपर्यंत आवळावा आणि थांबावे. सहाचा निपल फार थोड्या जोराने मोडतो.

वाकड्या निपलचे तोंड हव्या दिशेला आले नाही म्हणून त्याला जास्त आवळणे किंवा सैल सोडणे दोन्ही चूक. तांब्याचा पातळ वॉशर घालून दिशा जुळवावी किंवा दुसऱ्या कोनाचा निपल घ्यावा. जिथे जुना निपल आपटून तुटला होता तिथे सरळऐवजी वाकडा बसवला तर तो आडोशाला राहतो. फक्त गनचे तोंड तिथे पोचते का, ते बसवण्याआधी पाहावे.

नंतर गन लावून जुने काळे ग्रीस पूर्ण बाहेर पडेपर्यंत आणि कडांतून स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत भरावे. आटे नव्याने पाडले असतील तर थोडे जास्तच भरावे, म्हणजे राहिलेला कीसही बाहेर येईल. बाहेर आलेले ग्रीस बोटांवर चोळून खरखर लागते का, ते पाहावे. किंगपिन आणि पिना यांना हे चालते. सील असलेल्या चाकाच्या हबमध्ये मात्र असे ठासून भरले तर सीलच बाहेर येते, तिथे पुस्तिकेत सांगितले असेल तेवढेच. रोटाव्हेटरच्या शाफ्टवरील क्रॉसला कामाच्या दर ८ ते १० तासांनी ग्रीस लागते, म्हणजे दिवसभर रान करायचे असेल तर सकाळी एकदा आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी सकाळी. गन लावण्यापूर्वी निपलचे डोके पुसणे विसरू नये, कारण डोक्यावरची माती गनच आत ढकलते. काम झाल्यावर डोक्यावर रबरी टोपी चढवावी. टोपी नसेल तर ग्रीसचा छोटा गोळा तसाच ठेवावा आणि पुढच्या वेळी तो पुसून टाकावा.

भातखाचरात चिखलणी करून आलेल्या किंवा पावसाळाभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या अवजाराचे निपल दिवाळीच्या आधी एकदा तपासावेत. ऊस वाहतुकीची ट्रॉली कारखान्याच्या रांगेत लागली की तिला खोलायला वेळ मिळत नाही. टूलबॉक्सच्या कप्प्यात आपल्या यंत्रांच्या मापाचे सात-आठ निपल, माप लिहिलेल्या चिठ्ठीसह वेगवेगळ्या पुड्यांत बांधून ठेवावेत.